कर्मवीर भाऊराव पाटील आणि वसतिगृहाची पंगत

महाराष्ट्रातील शिक्षणप्रसाराच्या इतिहासात कर्मवीर भाऊराव पाटील यांचे स्थान वेगळे आहे. शाळा काढणारे पुष्कळ झाले. शाळेत येणारे मूल दुपारी आणि रात्री काय जेवणार, हा प्रश्न आधी सोडवून मग शाळेकडे वळणारे थोडे. गरिबाच्या मुलाला फीची माफी दिली म्हणजे त्याच्या शिक्षणाची सोय झाली, असा त्या काळी समज होता आणि तो आजही पुरता गेलेला नाही. भाऊरावांनी तो समज आयुष्यभर खोटा ठरवला. त्यांच्या कार्याकडे या पाठात मुख्यतः याच अंगाने पाहावयाचे आहे.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर संस्थानातील कुंभोज या गावी आजोळी झाला. त्यांचे घराणे जैन शेतकऱ्यांचे. मूळ गाव वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात नोकरीस असल्याने त्यांची सतत बदली होई. आईचे नाव गंगाबाई. घरची अन्नान्नदशा नव्हती, हे मुद्दाम सांगावयास हवे. उपासमार भाऊरावांनी स्वतःच्या घरात फारशी पाहिली नाही. ती त्यांनी गावोगाव हिंडताना इतरांच्या घरांत पाहिली.

माध्यमिक शिक्षणासाठी ते कोल्हापूरला राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले. राहण्याची सोय जैन बोर्डिंगमध्ये होती. कोल्हापुरात त्या वेळी राजर्षी शाहू महाराजांनी विद्यार्थी-वसतिगृहांची चळवळ सुरू केली होती. खेड्यातील मुलाला शहरात राहण्यास व जेवण्यास जागा नसेल तर हायस्कूलचे दार उघडे असूनही त्याच्यासाठी ते बंदच असते, हे महाराजांनी ओळखले होते. त्यांच्या प्रोत्साहनाने १९०१ पासून मराठा, जैन आणि इतर समाजांची स्वतंत्र वसतिगृहे उभी राहिली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या उद्घाटन समारंभास तरुण भाऊराव हजर राहिले. परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करून मगच भोजनगृहात यावे, असा जैन बोर्डिंगच्या व्यवस्थापनाचा आग्रह होता. भाऊरावांनी स्नान करण्याचे नाकारले आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. महाराजांनी त्यांना आपल्याकडे आश्रय दिला.

या प्रसंगाकडे एका विद्यार्थ्याचे बंड म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु त्यात आणखी एक गोष्ट आहे. जेवणाच्या पंगतीतून उठवले जाणे म्हणजे काय, हे भाऊरावांनी विद्यार्थिदशेतच अनुभवले. जेवण देणारा ज्या अटी घालतो, त्या अटींवर मुलाचे शिक्षण टिकते किंवा तुटते, ही समज त्यांना पुस्तकातून मिळालेली नव्हती.

भाऊरावांचे इंग्रजी शिक्षण सहाव्या इयत्तेच्या पुढे गेले नाही. पुढे शेकडो शाळा काढणारा हा माणूस स्वतः मॅट्रिकही झाला नव्हता. काही काळ त्यांनी साताऱ्यास खाजगी शिकवण्या केल्या. १९१४ मध्ये कोल्हापुरातील पुतळ्यांना डांबर फासल्याच्या प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यासाठी त्यांच्यावर दडपण आले. त्यांनी ती दिली नाही आणि त्यापायी तुरुंगवास व छळ सोसला. ज्या लठ्ठ्यांशी जैन बोर्डिंगच्या प्रकरणात त्यांचा खटका उडाला होता, त्यांच्याच बाबतीत हे घडले, एवढे येथे नमूद करणे पुरेसे आहे.

त्यानंतर भाऊरावांनी विक्री प्रतिनिधी म्हणून काम केले. प्रथम ओगले काच कारखान्याचे कंदील आणि नंतर किर्लोस्करांचे लोखंडी नांगर घेऊन ते गावोगाव फिरले. या फिरतीचा त्यांच्या पुढील कार्याशी निकटचा संबंध आहे. नांगर विकावयाचा तर शेतकऱ्याच्या ओसरीवर बसावे लागते. त्याची जमीन किती, कर्ज किती, घरात खाणारी तोंडे किती आणि राबणारे हात किती, हे समजून घ्यावे लागते. अनेक घरांत हुशार मूल दिसे. चौथीपर्यंत गावच्या शाळेत गेलेले असे आणि नंतर गुरांमागे जात असे. कारण विचारले की उत्तर बहुधा एकच मिळे. तालुक्याच्या गावी राहण्याजेवण्याचा खर्च झेपत नाही, आणि मुलगा गेला तर त्याच्या हातची मजुरीही जाते.

हे गणित नीट लक्षात घेतले पाहिजे. राबणाऱ्या कुटुंबाला मुलाच्या शिक्षणाचा खर्च दोन बाजूंनी बसतो. एक बाजू वह्या-पुस्तकांची, फीची आणि जेवणाची. दुसरी बाजू मुलाच्या बुडणाऱ्या मजुरीची. सरकारी हिशेबात पहिली बाजू थोडीफार दिसते, दुसरी सहसा दिसत नाही. शिवाय अशी कुटुंबे अगदी निराधारही नसतात. आईबाप दोघे कामाला जात असतात, घरात दोन वेळची चूल पेटत असते. त्यामुळे धर्मादाय मदत वाटणाऱ्यांच्या नजरेत ती भरत नाहीत. भीक मागणाऱ्याला अन्न मिळण्याची शक्यता असते. कष्ट करून अर्धपोटी राहणाऱ्याकडे मात्र कोणाचेच लक्ष जात नाही.

हा प्रश्न केवळ आपल्याच देशातला नव्हता. त्या वेळी आपल्यावर राज्य करणाऱ्या ब्रिटनमध्ये १९०६ साली एक कायदा झाला आणि शाळेतील गरजू मुलांना जेवण देण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना मिळाला. उपाशी मूल शिकू शकत नाही, हे तेथील संसदेने मान्य केले. मात्र ज्या पालकांना ऐपत आहे त्यांच्याकडून जेवणाचा खर्च वसूल करावा, असेही त्यात होते. म्हणजे कोणाची ऐपत आहे आणि कोणाची नाही, याची चौकशी आलीच. ब्रिटिशांच्या ताब्यातील हिंदुस्थानात असा कायदा करण्याचा विचार सरकारने केला नाही. मुंबई इलाख्यात १९१८ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. पण त्यात सक्ती लागू करण्याची मुभा नगरपालिकांना होती, खेडी त्याबाहेरच राहिली.

भाऊरावांनी १९१० च्या सुमारास दुधगाव येथे सहकाऱ्यांबरोबर विद्यार्थ्यांसाठी आश्रम सुरू करण्यात भाग घेतला होता. परंतु त्यांच्या कार्याचा खरा आरंभ ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी झाला. तेथे सत्यशोधक समाजाच्या परिषदेत रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. रयत म्हणजे सामान्य शेतकरी प्रजा. मागासलेल्या वर्गांतील मुलांत शिक्षणाची आवड निर्माण करणे, त्यांतील गरिबांना शक्य तितके मोफत शिक्षण देणे आणि निरनिराळ्या जातींच्या मुलांत परस्परांविषयी प्रेम वाढवणे, असे हेतू संस्थेने प्रारंभीच ठरवले. काले येथे पहिले वसतिगृह निघाले. १९२४ मध्ये भाऊरावांनी कार्याचे मुख्य ठाणे सातारा शहरात हलवले आणि मोजकी मुले घेऊन तेथे वसतिगृह सुरू केले.

शाहू महाराजांच्या वसतिगृहांपासून प्रेरणा घेतली तरी भाऊरावांनी एका बाबतीत निराळा मार्ग धरला. कोल्हापुरात बहुतेक वसतिगृहे एकेका समाजाची होती. त्या काळाचा विचार करता प्रत्येक समाजाला पुढे आणण्याचा तो व्यवहार्य मार्ग होता. साताऱ्याच्या वसतिगृहात मात्र मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, धनगर अशी सर्व मुले एका छपराखाली राहत. एकाच चुलीवर भाकरी भाजली जाई आणि एकाच पंगतीत खाल्ली जाई. स्वयंपाक, पाणी भरणे, झाडलोट ही कामे मुलेच पाळीपाळीने करीत. म्हणजे उच्च मानल्या गेलेल्या जातीच्या मुलाला दलित मुलाने थापलेली भाकरी खावी लागे. गावाकडच्या आईबापांना हे पचवणे सोपे नव्हते. पुष्कळांनी कुरकुर केली, पण मुलाचे शिक्षण थांबू नये म्हणून त्यांनी ते स्वीकारले.

वसतिगृहात कोणाला घ्यावयाचे, हे ठरवण्याची पद्धतही भाऊरावांच्या स्वभावाला साजेशी होती. ते स्वतः खेड्यात जात, मुलाचे घर पाहत, शिक्षकाला विचारीत आणि शिकण्याची ओढ असलेले गरीब मूल दिसले की बरोबर घेऊन येत. ज्ञानदेव घोलप नावाचा एक दलित मुलगा वर्गाबाहेर बसून शिकत असलेला त्यांना दिसला. त्याला त्यांनी कोल्हापूरला नेऊन मिस क्लार्क वसतिगृहात दाखल केले. हेच घोलप पुढे मुंबई कायदेमंडळाचे सदस्य झाले. बॅरिस्टर पी. जी. पाटील हेही भाऊरावांच्या वसतिगृहात वाढलेले. ते पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

ज्याच्या घरी धान्य असे त्याने धान्य द्यावे, पैसे असतील त्याने पैसे द्यावेत, आणि ज्याच्याजवळ काहीच नसेल त्याने श्रम द्यावेत, असा व्यवहार होता. या पद्धतीत एक दोष होता, हे मान्य केले पाहिजे. ती एका माणसाच्या नजरेवर अवलंबून होती. भाऊराव ज्या गावात पोचले नाहीत, त्या गावातील मूल राहून गेले. संस्था वाढू लागल्यावर सर्वांची घरे एकट्याने पाहणे शक्य नव्हते. पण लेखी दाखल्याची अट घातली असती तर ज्या घरात अक्षरओळखच नाही, त्या घराने तो दाखला आणावयाचा कोठून, हेही खरे.

खर्चाची ओढाताण कायमची होती. भाऊराव साताऱ्याचे उद्योजक धनजीशा कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीत सहभागी झाले होते. त्या नफ्यातून शिक्षणकार्याला मदत मिळावी अशी त्यांची अपेक्षा होती. त्यावरून मतभेद झाले आणि भाऊराव तेथून बाहेर पडले. त्यानंतर लोकवर्गणी हाच मुख्य आधार राहिला. मुष्टी फंडाची योजना याच गरजेतून आली. घरातील बाईने जात्यावर बसताना किंवा स्वयंपाक करताना मूठभर धान्य वसतिगृहासाठी बाजूला काढून ठेवावयाचे. ते गोळा करून वसतिगृहात आणले जाई. देणारे कुटुंबही गरीबच असे. त्याला रुपया देणे अवघड होते, मूठभर जोंधळे देणे जड जात नसे. आपल्या मुठीतले धान्य कोणा परक्या मुलाच्या पोटात जाते आहे, ही जाणीव त्यातून खेड्यापाड्यांत पसरली.

भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्याविषयी लिहिल्याशिवाय या पंगतीची हकीकत पुरी होणार नाही. त्या कुंभोजच्या एका सुस्थितीतील जैन घराण्यातून आलेल्या, सोवळेओवळे पाळणाऱ्या. सर्व जातींची मुले घरात वावरू लागली तेव्हा प्रारंभी त्यांना ते जड गेले. पुढे मात्र त्यांनी त्या मुलांचे आईपण घेतले. आजारी मुलाच्या उशाशी बसणे, त्याला भरवणे, सणाला गोडधोड करणे हे सर्व त्यांनी केले. वसतिगृहाच्या खर्चासाठी त्यांच्या अंगावरील दागिने एकामागून एक गेले. एकदा भाऊराव निधीसाठी परगावी गेले असताना कोठीतील धान्य संपले. मुलांना उपाशी ठेवण्याची वेळ आली. लक्ष्मीबाईंजवळ आता मंगळसूत्रच तेवढे उरले होते. त्यांनी ते काढून दिले आणि त्या पैशांतून धान्य आले. पती हयात असताना मंगळसूत्र उतरवणे याचा अर्थ त्या काळच्या स्त्रीला काय वाटत असेल, हे वेगळे सांगावयास नको. १९३० साली त्यांचे निधन झाले. रयतमाउली म्हणून त्यांचे नाव संस्थेत आदराने घेतले जाते. तरीही भाऊरावांच्या चरित्रांत त्यांच्या वाट्याला मोजकीच पाने येतात, ही खंत वाटते.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्यास आले. धनिणीच्या बागेतील या वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण त्यांच्या हस्ते झाले. पुढे १९३२ मध्ये पुणे करार झाला, त्याच्या स्मरणार्थ भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस काढले. १९३५ मध्ये साताऱ्यास अध्यापक विद्यालय सुरू झाले. जेथे शाळाच नव्हती अशा खेड्यांसाठी त्यांनी व्हॉलंटरी शाळा उघडल्या.

१९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. मोफत आणि निवासी असे हे हायस्कूल श्रमाच्या तत्त्वावर चालणारे होते. विद्यार्थी शेतात राबत, विहिरी खणत, दगड वाहत, इमारतींच्या कामाला हातभार लावत, आणि त्या श्रमातून त्यांच्या शिक्षणाचा व जेवणाचा खर्च निघे. कमवा आणि शिका या नावाने ही योजना पुढे सर्वत्र ओळखली जाऊ लागली.

या योजनेबद्दल एक शंका घेता येते. गरीब मुलाकडून काम करून घेऊन मग त्याला जेवू घालणे, हे योग्य आहे का? श्रीमंताचे मूल संध्याकाळी खेळते आणि गरिबाचे मूल कुदळ मारते, ही समता कशी? शंका रास्त आहे. सरकारने चालवलेल्या शाळेत लहान मुलाच्या जेवणावर अशी अट कोणी घातली तर ती चुकीचीच म्हणावी लागेल. परंतु भाऊरावांच्या मागे सरकारी तिजोरी नव्हती, आणि त्यांच्या हायस्कुलातील मुले वयाने मोठी होती. ती गावी राहिली असती तर दुसऱ्याच्या शेतात राबलीच असती. येथे ती स्वतःच्या शाळेसाठी राबत होती आणि उरलेल्या वेळात शिकत होती. शिवाय रोजच्या कामांतून कोणी सुटत नसे. त्यामुळे फुकट जेवणारा म्हणून कोणाकडे बोट दाखवले जात नसे. मदत घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, याची काळजी त्यात होती. मुलाला अन्न मिळाले पण त्याच वेळी सर्वांसमोर त्याचे दारिद्र्य जाहीर झाले, तर ते मूल पुष्कळदा ताटावरून उठून जाते.

१९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज आणि १९५४ मध्ये कऱ्हाडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज सुरू झाले. दरम्यान भाऊरावांच्या परखड बोलण्यामुळे मुंबई सरकारने काही काळ संस्थेचे अनुदानही रोखले होते. लोकांच्या पाठिंब्यावर संस्था टिकली आणि अनुदान पुन्हा सुरू झाले.

याच दशकात मद्रास राज्यात मुख्यमंत्री कामराज यांनी प्राथमिक शाळांतील मुलांसाठी दुपारच्या जेवणाची योजना हाती घेतली. कामराज यांचेही शालेय शिक्षण अर्धवट राहिले होते, हा योगायोग लक्षात राहण्याजोगा आहे. देशभर लागू होणारी योजना येण्यास त्यानंतर बराच काळ लागला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारची योजना सुरू झाली, पण अनेक राज्यांत मुलांना कोरडे धान्यच मिळत असे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा तो हक्क ठरला. २०२१ पासून ही योजना पीएम पोषण या नावाने चालते. दिल्ली किंवा नोएडा येथे कामाच्या शोधात आलेल्या कुटुंबाचे मूल तेथील सरकारी शाळेत गेले, तर त्याला आठवीपर्यंत हे जेवण मिळते. त्यासाठी वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला लागत नाही. वर्गातील सर्वांनाच ताट असल्यामुळे कोण पात्र आणि कोण अपात्र, असा भेद राहत नाही.

मात्र नववीत गेल्यावर हे ताट बहुतेक ठिकाणी बंद होते. काही राज्यांनी स्वतःच्या खर्चाने ते दहावीपर्यंत वाढवले आहे. मूल जेव्हा कमावण्याच्या वयाचे होते, घराला त्याच्या मजुरीची गरज भासू लागते, नेमके तेव्हाच शाळेतील जेवण संपते. भाऊरावांची वसतिगृहे याच वयाच्या मुलांसाठी होती. चौथीनंतर गुरांमागे गेलेला मुलगा त्यांना नांगर विकता विकता दिसला होता. मुक्त विद्यालयाच्या वर्गांत आज जे प्रौढ विद्यार्थी येतात, त्यांपैकी कितीतरी जणांची शाळा याच टप्प्यावर सुटलेली असते.

भाऊरावांचे राहणीमान अखेरपर्यंत साधे होते. खादीचे जाडेभरडे कपडे, वाढलेली पांढरी दाढी आणि हातात काठी अशी त्यांची मूर्ती महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत परिचित होती. १९५९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले आणि पुणे विद्यापीठाने डी.लिट. ही सन्माननीय पदवी दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले. त्या वेळी संस्थेची ३८ वसतिगृहे, ५७८ व्हॉलंटरी शाळा, १०८ माध्यमिक शाळा, ६ अध्यापक विद्यालये आणि ३ महाविद्यालये होती. पुणे विद्यापीठात गरजू विद्यार्थ्यांना ठरावीक तास काम देऊन मोबदला देणारी योजना आहे. तिला कर्मवीर भाऊराव पाटील यांचेच नाव दिलेले आहे.